स्क्रीनवरचा ‘व्हायरस’ आणि कॉम्प्युटरमधला व्हायरस: या चुका टाळा

लाल चौकट, कर्कश भोंगा, मधोमध एक फोन नंबर आणि इंग्रजीत दरडावणी: कॉम्प्युटर ब्लॉक केला आहे, बंद करू नका, ताबडतोब फोन करा. घरच्या कॉम्प्युटरवर असं काही उगवलं की सगळे विचारतात, ‘हा व्हायरस काढायचा कसा?’ त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. ही सूचना दाखवतंय कोण? एखादं वेब पान, ब्राउझरचं नोटिफिकेशन, आत बसलेला प्रोग्रॅम, की खुद्द विंडोज? चौघांचा उपाय निराळा आहे. पुष्कळदा कॉम्प्युटर ठणठणीत असतो आणि ‘व्हायरस काढायच्या’ धावपळीतच खरा व्हायरस आत येतो.

२००८-०९ च्या सुमारास प्रकार वेगळा होता. ‘अँटिव्हायरस एक्सपी २००८’ सारखे बनावट प्रोग्रॅम खरोखर कॉम्प्युटरमध्ये शिरायचे, खोटं स्कॅन चालवून लाल ओळींची रांग दाखवायचे आणि ‘पूर्ण आवृत्ती’चे पैसे मागायचे. ‘विनफिक्सर’ वगैरे विकणाऱ्या इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये खटला भरला होता. सेफ मोडमध्ये जा, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करा, अमुक क्लीनर उतरवा, हे त्या काळातले सल्ले. ते अजून फॉरवर्ड होत असतात. आजची धमकी मात्र बहुधा नुसतं एक वेब पान असते, आणि वेब पानासाठी रजिस्ट्री साफ करण्यात काही अर्थ नाही.

चूक: पान बंद होत नाही म्हणून फोन लावणं

ते पान मुद्दाम पूर्ण स्क्रीन व्यापतं. वरची पट्टी आणि बंद करायची फुली दिसेनाशी होते, कधी माउसचा बाणही गायब होतो, आणि कॉम्प्युटर ताब्यात गेल्यासारखं वाटतं. एस्केप की दोन-तीन सेकंद दाबून धरा, बहुतेकदा स्क्रीन मोकळी होते. नाहीच झाली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझरचं नाव निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पानं परत आणू का?’ असं विचारतो, तिथे ‘रिस्टोअर’ दाबू नका. ते दाबलंत तर तीच लाल चौकट पुन्हा समोर येते आणि मग व्हायरस असल्याची सगळ्यांची खात्रीच पटते.

मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलेलं आहे की त्यांच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीच नसतो. चौकटीत नंबर दिसला की तपास तिथेच संपला.

गावी असलेल्या आईचा घाबरून फोन आला तर लगेच उपाय सांगत सुटू नका. ‘आई, काही दाबू नकोस, स्क्रीनवर नंबर लिहिलाय का तेवढं सांग’ एवढं विचारलं तरी निम्मं निदान होतं.

चूक: कोपऱ्यातल्या सूचनांवर अँटिव्हायरसचा मारा

दुसरी तक्रार जास्त चिवट. स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दर दहा-पंधरा मिनिटांनी पाटी येते: पाच व्हायरस सापडले, मॅकॅफीची मुदत संपली, आत्ता नूतनीकरण करा. लोक अँटिव्हायरस चालवतात, त्यात काहीच सापडत नाही. मग दुसरा अँटिव्हायरस उतरवतात, त्यातही सापडत नाही, आणि पाट्या येतच राहतात. सापडणार कसं? कॉम्प्युटरमध्ये काही नाहीच. कधीतरी फुकट सिनेमाच्या, लाइव्ह मॅचच्या किंवा पीडीएफच्या साइटवर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असं आलं होतं आणि घरातल्या कुणीतरी ते दाबलं होतं. त्या दिवसापासून त्या साइटला पाट्या पाठवायचा रीतसर परवाना मिळाला.

पाटी नीट बघा. तिच्यावर क्रोम किंवा एज असं ब्राउझरचं नाव आणि एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता बारीक अक्षरात असतो. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स असं जा. ‘अलाउड’च्या यादीत तो पत्ता सापडेल, सोबत त्याची भावंडंही सापडतील. सगळे काढून टाका. त्याच पानावर साइट्सना परवानगी मागूच न देण्याचा पर्याय आहे, घरच्या कॉम्प्युटरवर तो निवडायला हरकत नाही. एक करू नका: पाटीवरच्या फुलीचा नेम चुकून पाटीवर क्लिक. त्यातून पुढचं बनावट पान उघडतं.

होमपेज बदललंय, शोध भलत्याच साइटवर जातोय, असं असेल तर ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, बघा. काढलेलं एक्स्टेन्शन दुसऱ्या दिवशी परत आलं तर बहुधा सिंकचा, म्हणजे एकाच खात्याचे कॉम्प्युटर आपोआप सारखे ठेवण्याचा, खेळ असतो: त्याच खात्याने उघडलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते अजून आहे. तिकडूनही काढावं लागतं.

चूक: ‘सपोर्टवाल्या’ला कॉम्प्युटर हातात देणं

फोन लावलाच तर पलीकडचा माणूस अत्यंत नम्र असतो. तो आधी एनीडेस्कसारखा, दुरून कॉम्प्युटर चालवू देणारा प्रोग्रॅम उतरवायला सांगतो. हा प्रोग्रॅम स्वतः अस्सल असतो, त्यामुळे अँटिव्हायरस गप्प राहतो. मग तो विंडोजची नोंदवही, इव्हेंट व्ह्यूअर, उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवतो आणि ‘बघा, किती बिघाड’ म्हणतो. तुमच्या शेजाऱ्याच्या धडधाकट कॉम्प्युटरवरही ही यादी तितकीच लांब असते. विंडोज प्रत्येक बारीकसारीक अडखळणं तिथे टिपून ठेवतं. कधी काळ्या खिडकीत ‘ट्री’ हा आदेश देतात. त्याचं काम फक्त फोल्डरांची नावं छापायचं, पण भराभर सरकणाऱ्या ओळी बघून माणसाला वाटतं, स्कॅन चाललंय.

या धंद्याची मोठी कॉल सेंटर्स आपल्याच देशात चालत आली आहेत. सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र २’ खाली जे छापे घातले, त्यांत मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून नोंदवलेली प्रकरणंही होती. बोलणारा सफाईदार इंग्रजी बोलतो, अमेरिकेतलं नाव सांगतो, त्यावर जाऊ नका. परदेशात मुलांकडे राहायला गेलेल्या आई-बाबांनाही हेच फोन येतात.

कॉम्प्युटर कुणाच्या हाती दिला गेलाच असेल तर क्रम असा ठेवा. आधी इंटरनेट तोडा, म्हणजे राउटरच बंद करा. मग त्याने उतरवायला लावलेला प्रोग्रॅम काढा, कारण त्यात परस्पर शिरायचा पासवर्ड तो ठेवून गेलेला असू शकतो. बँकेला फोन मात्र याच्याही आधी, दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः ओटीपी वगैरे दिल्याने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे ‘आधी कॉम्प्युटर साफ करू, मग बघू’ हे थेट खिशाला लागतं. त्यानंतर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तिथे असते. आणि महिन्याभराने ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा फोन आला तर तोही त्यांचाच.

चूक: स्वतःच्या हाताने आदेश चालवणं

ही चूक नव्या जमान्यातली, आणि मला सगळ्यांत वाईट वाटते ती हीच. ‘मी रोबो नाही’ची ओळखीची चौकट येते, पण चित्रं ओळखायला सांगण्याऐवजी ती म्हणते: विंडोज की आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने एक आदेश गुपचूप क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं जिथे राहतं तिथे) ठेवलेला असतो. तुम्ही तो रन खिडकीत चिकटवता आणि चालवता. फाइल उतरवल्याचं दिसत नाही, परवानगीही कुणी विचारत नाही. त्यातून बहुधा ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी (तुम्ही आत आहात हे साइटला सांगणाऱ्या खुणा) चोरणारा प्रोग्रॅम येतो, आणि त्यानंतर कॉम्प्युटर अगदी सुरळीत चालतो. कुठलीही खरी पडताळणी कीबोर्डवर असल्या कसरती करायला लावत नाही.

असं झालं असेल तर पासवर्ड बदला, पण त्या कॉम्प्युटरवरून नाही, फोनवरून. आणि नुसता पासवर्ड बदलून भागत नाही: चोरलेल्या कुकीने चोर पासवर्ड न देताही आत राहू शकतो. म्हणून जीमेलमध्ये आणि इतरत्र ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.

खरंच काही आत शिरलं असेल तर

दोन-दोन अँटिव्हायरस ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात येतात. लॅपटॉपबरोबर आलेला आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस काढून टाकला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर कामाला लागतो. घरगुती वापराला तो पुरतो. आधी विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘एक्स्क्लूजन्स’ची, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागांची, यादी उघडा. क्रॅक (लायसन्स मोडून फुकट वाटलेलं) सॉफ्टवेअर ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ म्हणतं आणि जाताना स्वतःचा फोल्डर, कधी अख्खा सी ड्राइव्ह, या यादीत टाकून जातं. मग स्कॅन कितीही वेळा केलं तरी ‘काही सापडलं नाही’ हेच उत्तर. यादी रिकामी करा, मग ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे मालवेअरला लपायला जागा कमी. साधारण पंधरा मिनिटं लागतात. दुसरं मत हवंच असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट साधनं आहेत. यूट्यूब व्हिडिओखालच्या लिंकवरून काही घेऊ नका.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी न करता तो कॉम्प्युटर ऑनलाइन वापरत असाल तर आज साफ केलेलं उद्या परत येऊ शकतं.

पासवर्ड चोरणारं काही शिरल्याची शंका असेल तर मी साफसफाईत वेळ घालवत नाही. फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, प्रोग्रॅम आणि सेटअप फाइल्स नाही. मग ‘रिसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ (सगळं पुसा) आणि ‘क्लाउड डाउनलोड’ (विंडोज इंटरनेटवरून नव्याने उतरवा). हे घरी जमत नसेल तर दुकानात ‘फॉरमॅट मारून’ घ्या. मात्र घ्यायला जाल तेव्हा तिथेच सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन उघडून तुमचंच लायसन्स लागू आहे ना ते पाहा, आणि एक्स्क्लूजन्सची यादीही पुन्हा एकदा उघडा. काही दुकानांत विंडोजसोबत क्रॅकही टाकून देतात, आणि ती यादी रिकामी नसेल तर कॉम्प्युटर तिथल्या तिथे परत द्या.