पायरिडिन-डायइमिन लोह संकुल: लिगँडपासून हायड्रोजनीकरणापर्यंत

हायड्रोजनीकरणाचे उत्प्रेरक असलेल्या या लोह संकुलात बाहेरून दिलेले इलेक्ट्रॉन बहुतांशी लिगँडच्या (लोहाला धरून ठेवणाऱ्या सेंद्रिय रेणूच्या) π-कक्षकांत जाऊन बसतात. त्यामुळे कागदावर 'शून्य' दिसणारे लोह प्रत्यक्षात +२ च्या जवळ असते. हे ध्यानात ठेवले तर रंग आणि वर्णपट नीट वाचता येतात.

लिगँडसाठी २,६-डायअ‍ॅसिटिलपायरिडिन १.६३ ग्रॅम (१० मिलिमोल) ३० मिलि कोरड्या मेथॅनॉलमध्ये विरघळवा. त्यात २,६-डायआयसोप्रोपिलअ‍ॅनिलिन ४.७ मिलि (२५ मिलिमोल) आणि फॉर्मिक आम्लाचे चार-पाच थेंब घालून २४ तास रिफ्लक्स करा (वाफ थंड होऊन परत येईल असे उकळत ठेवा). अ‍ॅनिलिन लालसर झाले असेल तर आधी ऊर्ध्वपातन करून घ्या. थंड झाल्यावर पिवळा साका गाळून गार मेथॅनॉलने धुवा. दोनऐवजी एकच इमिन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध) तयार होऊन प्रक्रिया अडकणे हा नेहमीचा दोष. एनएमआरमध्ये (चुंबकीय अनुनाद वर्णपटात) तो हुलकावणी देतो, कारण उरलेल्या अ‍ॅसिटिलचा २.८ पीपीएमजवळचा सिंग्लेट (एकेरी संकेत) आयसोप्रोपिलच्या सेप्टेटखाली (सात शिखरांच्या संकेताखाली) दडतो. म्हणून आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) उरलेल्या अ‍ॅसिटिलची १७०० सेंमी⁻¹ जवळची पट्टी शोधा. ती दिसली तर अ‍ॅनिलिन वाढवून पुन्हा रिफ्लक्स.

पुढचे सगळे नायट्रोजन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये. निर्जल फेरस क्लोराइड ०.२५ ग्रॅम आणि लिगँड ०.९८ ग्रॅम २० मिलि टीएचएफमध्ये (टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात) रात्रभर ढवळा. गडद निळा रंग येतो. पेंटेन घालून साका पाडा आणि धुवण पिवळे येईनासे होईपर्यंत ईथरने धुवा. संकुल उच्च-स्पिन आहे, म्हणजे त्यात जोडी नसलेले इलेक्ट्रॉन आहेत आणि संकेत दूरवर विखुरतात. एनएमआर −६० ते +१०० पीपीएमच्या खिडकीत घ्या, नाहीतर निम्मे संकेत हुकतील.

क्षपण (संकुलाला इलेक्ट्रॉन देणे) ही खरी कसोटी. २३ ग्रॅम पाऱ्यात ११५ मिग्रॅ सोडियम बारीक तुकडे करून एकेक घाला. प्रत्येक तुकड्याला उष्णता आणि कधी ठिणगी. थंड झालेल्या या ०.५ टक्के अमाल्गममध्ये (पारा-सोडियम मिश्रणात) ०.६१ ग्रॅम निळे संकुल आणि २० मिलि पेंटेन घालून किमान २४ तास जोरात ढवळा. पारा तळाशी नुसता पडून राहिला तर क्षपण अर्धवट राहते. तापवून सुकवलेल्या सेलाइटमधून (गाळण्याच्या बारीक मातीतून) गाळा, आटवा, −३५ अंशांवर स्फटिक येऊ द्या. मिळणाऱ्या संकुलात लोहाला दोन डायनायट्रोजन (N₂) जोडलेले असतात. आर्गॉनखाली हे जमणार नाही, कारण जोडायला डायनायट्रोजनच नसतो. जास्त वेळ निर्वातातही ठेवू नका, एक डायनायट्रोजन सहज निसटतो. घाई म्हणून ब्युटिललिथियम वापरलेत तर ते इमिनशेजारच्या मेथिलमधला प्रोटॉन काढू शकते.

इलेक्ट्रॉन कुठे आहेत हे क्ष-किरण रचना सांगते: इमिनचा कार्बन-नायट्रोजन बंध उदासीन लिगँडमध्ये सुमारे १.२८ अँगस्ट्रॉम, एका इलेक्ट्रॉनाने १.३२, दोनांनी १.३६ च्या आसपास.

हायड्रोजनीकरणाची चाचणी १-हेक्सीनवर करा: ०.४२ ग्रॅम हेक्सीन, ४ मिलि टोल्युइन, ९ मिग्रॅ संकुल, म्हणजे ०.३ मोल टक्के. १०० मिलिच्या जाड काचेच्या भांड्यात द्रव नायट्रोजनमध्ये १ वातावरण हायड्रोजन भरून खोलीच्या तापमानाला आणले की दाब ४ वातावरणांच्या आसपास जातो. समोर संरक्षक ढाल हवीच. हेक्सीन आधी अ‍ॅल्युमिनातून जाऊ द्या, नाहीतर त्यातली पेरॉक्साइड सुरुवातीलाच संकुल मारतात.