जुना पट्टेरी मारिनिएर: आधी उलटा करा, मग पैसे काढा

मी राहते त्या रेनमध्ये, फ्रान्सच्या ब्रतान्य भागात, रविवारी कुठे ना कुठे ‘व्हीद-ग्रनिए’ भरतो. शब्दशः ‘माळा रिकामा’. लोक फुटपाथवर चादरी अंथरून घरातली अडगळ विकायला बसतात. तिथेच मला फ्रेंच फॅशन डिझायनर झाँ-पोल गोतिएचा मारिनिएर दिसला: निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा, होजिअरीचा, लांब बाह्यांचा, मूळचा खलाशी धाटणीचा शर्ट. बाई ३० युरो म्हणाली.

असा शर्ट हाती आला की लेबलाला भुलू नका, लेबल काय कुणीही शिवतं. शर्ट उलटा करा. पट्टे विणीतलेच असतील तर आतूनही निळा जवळजवळ तेवढाच गडद दिसतो. छापलेले असतील तर आतून फिकट, पुसट. मग काखेपासून खालपर्यंतची शिवण बघा. पट्ट्याला पट्टा भिडला पाहिजे. तसं जुळवून कापायचं तर कापड वाया जातं, म्हणून स्वस्तातली नक्कल बहुधा इथेच पकडली जाते. माझ्या शर्टाची डावी बाजू चोख होती. उजवीकडे मात्र खालचे दोन पट्टे अर्ध्या बोटाने घसरलेले, आणि धाग्याचा रंगही वेगळा. कुणीतरी कमरेत आत घेतला होता. बाईला ते दाखवलं, पाच युरो सुटले.

काहीजण पट्टे मोजत बसतात. फ्रेंच नौदलाच्या १८५८ च्या हुकुमात अंगावर २१ पांढरे पट्टे ठरवून दिले होते, प्रत्येक २० मिलिमीटर रुंद. निळे १० मिलिमीटरचे. पण तो खलाशांचा गणवेश. डिझायनरच्या शर्टात आकडा जुळला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. त्यापेक्षा किमतीचा पुठ्ठा लटकत असला तर तो वाचा: किंमत नुसती फ्रँकमध्ये, म्हणजे युरोआधीच्या फ्रेंच चलनात, असेल तर माल २००२ च्या आधीचा.

आता धुणं. इथे मी एकदा पस्तावले आहे. याआधीचा एक पट्टेरी शर्ट आईच्या सवयीने रात्रभर बादलीत भिजवला, वर मूठभर मीठ घातलं. सकाळी पांढरे पट्टे आकाशी! कारखान्यात रंगवलेल्या कापडाचा सुटा रंग मिठाने धरत नाही. म्हणून आधी पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीजवळच्या निळ्यावर मिनिटभर दाबा. रुमाल निळा झाला तर हा शर्ट एकटाच धुवायचा: गार पाणी, सौम्य साबण, पाच मिनिटं, बस्स. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि लगेच सावलीत आडवा पसरा, आत एक कोरडा टॉवेल घालून, म्हणजे पुढचा निळा मागच्या पांढऱ्याला चिकटत नाही. ओल्या शर्टाची घडी करून ‘नंतर वाळत घालू’ म्हणालात की संपलं. रंग लागलाच, तर वाळू देऊ नका, इस्त्री तर नकोच; तसाच परत धुवा.

हँगरला अडकवू नका, खांद्यांना शिंगं येतात. घडी करून ठेवा, आणि लोकरीचा असेल तर कसर लागलीय का ते मधूनमधून बघा.

उजवीकडची ती शिवण उसवून पट्टे जुळवायचं मनात होतं. पण अंगात घातला तर कमरेत छान बसतो. राहू दिलीय.