बेस गिटारचा अल्बम सुचवायचा तर

मी बेस वाजवते, त्यामुळे "बेस कळायला लागेल असं काहीतरी सांग ना" हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. लांबलचक यादी पाठवून मोकळं होता येतं, पण ती यादी कुणी ऐकत नाही. म्हणून एकच अल्बम सांगावा, त्यातलं एक गाणं आणि त्या गाण्यात कान कुठे लावायचा ती जागा. जागा सांगणं सगळ्यात महत्त्वाचं. ती सांगितली नाही तर ऐकणारा सवयीने गायकाच्या मागे जातो आणि बेस नेहमीसारखाच निसटतो.

त्याआधी समोरचा कशावर ऐकणार आहे ते विचारा. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्‌झचा स्वर निघतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला हा खर्ज पेलत नाही, त्यातून फक्त वरचे उपस्वर ऐकू येतात. तेव्हा हेडफोन हवाच. आणि 'बेस बूस्ट' बंद ठेवायला आवर्जून सांगा. त्याने किक ड्रमही (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) फुगतो, दोघांचा मिळून नुसता घुमारा होतो आणि बेसचा स्वर कुठून कुठे गेला ते कळेनासं होतं.

आवडनिवड काहीच माहीत नसेल तर मी जोनी मिचेलचा 'हेजिरा' (१९७६) देते. त्यातल्या नऊपैकी चार गाण्यांत जाको पास्टोरियस वाजवतो. पहिलं गाणं 'कोयोटी', त्यात तो आहे. लगेच पुढचं 'अमेलिया', त्यात बेस गिटार अजिबात नाही. ही दोन लागोपाठ ऐकायला लावा. 'कोयोटी'त गिटार एका लयीत धावत असते आणि बेस तिच्या खाली मुकाट चालत नाही. गाण्याची ओळ संपली की तो वर जाऊन एखादा स्वच्छ हार्मोनिक (तार न दाबता, तिला नुसतं बोट टेकवून काढलेला घंटेसारखा स्वर) सोडतो, मग मींड घेत खाली उतरतो. जाकोच्या त्या बेसच्या दांडीवर पडदे (फ्रेट) नव्हते, म्हणून स्वरांमधली ती घसरण इतकी गुळगुळीत येते. मग 'अमेलिया' सुरू होतं आणि खालचा सगळा मजला रिकामा होतो. त्या गाण्याला तो रितेपणा फार शोभतो, मला ते अतिशय आवडतं. पण बेस गाण्यात काय करत होता हे तो नसताना जितकं चटकन उमगतं तितकं माझ्या कुठल्याही व्याख्यानाने उमगणार नाही.

आवड माहीत असेल तर तिच्या जवळचंच द्या. बीटल्स ऐकणाऱ्याला 'ॲबी रोड' (१९६९) पुरेसा आहे, तो त्याच्याकडे बहुधा असतोच. 'समथिंग' लावायला सांगा. हॅरिसन संथपणे गात असतो आणि मॅकार्टनीचा बेस त्याच वेळी स्वतःची वेगळी चाल बांधत असतो. एकदा नेहमीसारखं ऐकायचं, दुसऱ्यांदा गायकाला सोडून फक्त बेस गुणगुणत ऐकायचं. गुणगुणता आला म्हणजे कान लागला.

मेटलवाल्यांसाठी आयर्न मेडनचा 'द नंबर ऑफ द बीस्ट' (१९८२). 'रन टू द हिल्स'मधली ती घोडदौड स्टीव्ह हॅरिस पिक न वापरता बोटांनी वाजवतो. नाचायला आवडणाऱ्यांसाठी शीकचा 'रिस्के' (१९७९), त्यातलं 'गुड टाइम्स', आणि तेही अल्बमवरचं आठ मिनिटांचंच. मध्यावर बाकीची वाद्यं बाजूला होतात, बर्नार्ड एडवर्ड्‌सचा बेस आणि ड्रम्स उरतात, मग एकेक वाद्य परत त्यावर चढत जातं. रेगेसाठी बॉब मार्लीचा 'एक्सोडस' (१९७७): ॲस्टन बॅरेट किती वाजवतो यापेक्षा कुठे थांबतो ते ऐकायचं.

सोलची आवड असेल तर मार्विन गे, 'व्हॉट्स गोइंग ऑन' (१९७१). यावर मी तासभर बोलू शकते. शीर्षकगीतात जेम्स जेमर्सन आहे, उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवणारा. तो सम किक ड्रमसोबत गाठतो, पण दोन समांच्या मधे जे करतो ते क्वचितच पुन्हा तसंच्या तसं येतं. एखादा स्वर उशिरा, एखादा नुसता ठोक, मधेच पुढच्या कॉर्डकडे नेणारी पायरी. मोटाउन या त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या अल्बमवर तोवर वादकांची नावं छापत नसत, ती या अल्बमवर आली.

नावं मात्र तपासून मगच सुचवा. याच अल्बमवरचं 'इनर सिटी ब्लूज' बॉब बॅबिटने वाजवलंय, जेमर्सनने नाही. हर्बी हॅन्कॉकच्या 'हेड हंटर्स'मधल्या (१९७३) 'कमीलियन'चंही तसंच. सुरुवातीची ती प्रसिद्ध बेसची ओळ सिंथेसायझरवर आहे आणि ती स्वतः हॅन्कॉकने वाजवलीय. अल्बम उत्तमच आहे, पण बेस गिटार ऐकायला निघालेल्या माणसाला ते आधी सांगायला हवं.

एकट्या बेसची करामत असलेले अल्बम पहिल्या फेरीत देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. व्हिक्टर वूटनचा 'अ शो ऑफ हँड्‌स' (१९९६) मला प्रिय आहे, पण बेस अजून नीट ऐकूच न येणाऱ्या माणसाला त्यात फक्त वेग दिसतो.

ऐकून झाल्यावर "आवडला का?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. "कुठली जागा लक्षात राहिली?" असं विचारा आणि उत्तरावरून पुढचा अल्बम ठरवा. बेसची चाल लक्षात राहिली असेल तर जॉय डिव्हिजनचा 'अननोन प्लेझर्स' (१९७९), पीटर हुक त्यात वरच्या पट्टीत अक्षरशः धून वाजवतो. ठेका लक्षात राहिला असेल तर टॉवर ऑफ पॉवरचा 'बॅक टू ओकलंड' (१९७४), रॉको प्रेस्टियाचे दाबून तोडलेले, भराभर पडणारे स्वर. आणि कुणी 'कोयोटी'तल्या त्या हार्मोनिकबद्दल विचारलं, तर जाकोचा स्वतःच्या नावाचा १९७६चा अल्बम काढा, पण पहिल्या 'डॉना ली'पासून सुरू करू नका. थेट 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' लावा. त्यात एकटा बेस आहे आणि जवळजवळ सगळं हार्मोनिक्सवर.