जपानी मेपलचे रोप: पान आधी सांगते, मुळाचे दुखणे

जपानी मेपल पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात लावायच्या भानगडीत पडू नका. पानगळीनंतर त्याला खरी थंडी लागते. ती मिळाली नाही की झाड वर्षागणिक खंगत जाते. न्यू जर्सी, सिअॅटल, लंडन अशा ठिकाणी अंगण असेल किंवा हिमाचलात उंचावर जागा असेल, तर पुढचे वाचा.

जागा. सकाळचे ऊन, दुपारी सावली आणि वाऱ्याला आडोसा असलेली जागा निवडा. घराची पूर्वेकडची बाजू उत्तम. बारीक चिरलेल्या पानांच्या ‘डिसेक्टम’ जाती उन्हाने लवकर करपतात. ‘ब्लडगुड’ ही लाल पानांची जात जास्त ऊन सोसते. गर्द सावलीत उलट तिचा लाल रंग हिरवट पडतो.

लावणी. खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण रुंदीला दुप्पट-तिप्पट घ्या. तो पाण्याने भरून पाहा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले असेल तर तिथे उंच वाफा करा. रोप कुंडीतून काढल्यावर वरची माती बोटांनी हळूहळू बाजूला सारा. खोड पसरट होऊन जिथे मुळे फुटतात ती जागा दिसली पाहिजे. नर्सरीच्या रोपात ती अनेकदा मातीत गाडलेली असते. हा भाग जमिनीच्या पातळीवर किंवा 2–3 सेंमी वर ठेवा. गोल फिरलेली मुळे मोकळी करा, सुटत नसतील तर कापा. पुढे तीच खोडाला फास लावतात. खड्ड्यात खत नको, खणलेलीच माती परत भरा. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) 5.5 ते 6.5 असलेला बरा.

पाणी आणि आच्छादन. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून साधारण दोनदा, दर खेपेला 10 लिटर, सावकाश जिरेल असे द्या. झाडाच्या सालीचे तुकडे 5–7 सेंमी जाडीने पसरा. खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी राहू द्या.

पान काय सांगते? कडा तपकिरी, कुरकुरीत आणि मध्य हिरवा, म्हणजे पानातून पाणी उडते आहे तितके मुळे पुरवू शकत नाहीत. कोरडा वारा, दुपारचे ऊन, खताचे क्षार, कारण काहीही असेल. घोळ इथेच होतो. सतत ओल्या मातीत मुळे कुजली तरी पान अगदी असेच करपते, आणि लोक आणखी पाणी ओततात. म्हणून नळी उचलण्याआधी बोट 5 सेंमी मातीत खुपसा. चिखल लागला तर थांबा, वाफसा येऊ द्या, म्हणजे जास्तीचे पाणी निघून माती नुसती ओलसर राहू द्या. अर्धवट करपलेली पाने तोडू नका. उरलेला हिरवा भाग झाडासाठी अन्न करतोच आहे.

वसंतात उशिरा दहिवर (गोठलेले दव) पडले तर कोवळी पालवी काळी पडून लोंबते. तशा रात्री रोपावर जुनी चादर टाका, सकाळी काढा. मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) आला तर पाण्याचा जोरदार फवारा बहुधा पुरतो.

एकाच फांदीची पाने अचानक कोमेजली, बाकी झाड ठणठणीत, तर फांदी कापून लाकूड पाहा. आत काळपट-हिरवट रेघा दिसल्या तर तो व्हर्टिसिलियम मर रोग (मातीतल्या बुरशीने होणारा) असू शकतो. त्यावर औषध नाही. निरोगी लाकडापर्यंत छाटा, कात्री स्पिरिटने पुसा. झाड गेलेच तर त्या जागी पुन्हा मेपल लावू नका.

खत आणि छाटणी. पहिले वर्ष खत नाही. नंतर वसंताच्या सुरुवातीला हळू विरघळणारे, कमी नत्राचे खत, डब्यावरच्या मात्रेच्या निम्मे. जुलैनंतर दिलेत तर उशिरा आलेली कोवळी फूट थंडीत मरते. छाटणी पानगळीनंतर लगेच करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापलेल्या जागेतून रस गळत राहतो. कलमाच्या जोडाखालून फुटवा आला तर मात्र महिना पाहू नका, लगेच काढा. खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याची, फूट जोरकस असते, वरच्या कलमाला ती मागे टाकते.

पाने गळण्याआधीच एखाद्या वर्षी कडक थंडी पडली, तर ती वाळून फांदीवरच लटकत राहतात. रोग समजून ओरबाडू नका. वसंतात डोळे फुगले की ती आपोआप पडतात.