'इट' नेमका कुठे बसवायचा: मराठी मीडियममधून इंग्रजीकडे येणाऱ्यांसाठी

ज्यांची शाळा मराठी मीडियमची झालीय आणि आता बँक, रेल्वे, एमपीएससी असल्या परीक्षांसाठी नायतर नोकरीसाठी इंग्रजी पक्कं करायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी सोलापूरचाच, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, पदवीनंतर अभ्यासिकेत बसून परीक्षा दिल्या, आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्स्पोर्टचं काम चालतं अशा एका ऑफिसात बाहेरच्या गिऱ्हाइकांचे मेल बघतो आणि संध्याकाळी अभ्यासिकेतल्या पोरापोरींना ग्रामर सांगत बसतो. हे काम मला मनापासून आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वर्ब (क्रियापद) म्हणजे काय, प्रोनाउन (सर्वनाम) म्हणजे काय, अ‍ॅडव्हर्ब (क्रियाविशेषण), प्रपोझिशन (शब्दयोगी अव्यय), ह्यांच्या व्याख्या आपल्या सगळ्यांना येतात हो, शाळेतच पाठ झालेल्या असतात. अडतं कुठे तर हे चौघं एका वाक्यात आले की कुणी कुणाच्या शेजारी बसायचं तिथे. मराठीत 'मी त्याला काल स्टेशनवर बघितलं' म्हणा, 'काल स्टेशनवर त्याला मी बघितलं' म्हणा, नायतर 'बघितलं की मी त्याला काल स्टेशनवर' म्हणा, कुणी कुणाला बघितलं ह्यात घोळ होत नाय, कारण 'ला' आणि 'वर' शब्दालाच चिकटलेले असतात. इंग्रजीत हे काम बरंचसं जागा करते. जागा हलली की अर्थ हलतो, नायतर वाक्यच मोडतं.

आणि सोलापुरात तर बघा, पूर्व भागातली घरात तेलुगू बोलणारी पोरं, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी, उर्दूवाली, आपण मराठीवाले, सगळे एकाच अभ्यासिकेत बसतो. ह्या चारही भाषांत क्रियापद साधारण शेवटी येतं आणि इंग्रजीत जे प्रपोझिशन नाउनच्या, म्हणजे नावाच्या, आधी येतं त्याचं काम नावाच्या मागून होतं. त्यामुळे सगळ्यांच्या वह्यांतल्या चुका जवळजवळ सारख्याच असतात. ह्याचा फायदा घ्या, ग्रुपने अभ्यास करा, एकाची चूक सापडली की चौघांची सापडते.

आता पहिली मोठी अडचण, आपला 'ला'. 'मला सांग' म्हणजे 'टेल मी', इथे मधे काहीच लागत नाय. पण 'मला रिप्लाय दे' म्हणजे 'रिप्लाय मी' नव्हे, 'रिप्लाय टू मी'. 'त्याला विचार' म्हणजे 'आस्क हिम', पण 'हे मला समजावून सांग' म्हणजे 'एक्सप्लेन इट टू मी', 'एक्सप्लेन मी' असं होत नाय. 'सोलापूरला गेलो' हे 'वेन्ट टू सोलापूर', पण 'सोलापूरला पोचलो' हे नुसतं 'रीच्ड सोलापूर', आणि 'अराइव्ह' वापरलं तर 'अराइव्ह्ड इन सोलापूर', स्टेशन म्हणायचं असेल तर 'अराइव्ह्ड अ‍ॅट द स्टेशन'. मराठीत सगळीकडे एकच 'ला' आणि तिकडे दर वर्बची सवय वेगळी. 'शी' चं पण तसंच, 'त्याच्याशी बोल' म्हणजे 'टॉक टू हिम' पण 'त्याच्याशी लग्न कर' म्हणजे 'मॅरी हिम', 'विथ' नको. 'ऑर्डरबद्दल चर्चा केली' म्हणलं की हात आपोआप 'डिस्कस्ड अबाउट द ऑर्डर' लिहितो, 'अबाउट' काढून टाका, 'वुई डिस्कस्ड द ऑर्डर विथ देम' एवढंच. आणि उलटं पण होतं, 'माझी वाट बघ' मध्ये 'साठी' कुठेच नाय, पण इंग्रजीत 'वेट फॉर मी' लागतं. 'माझं ऐक' मध्ये 'ला' नाय, पण 'लिसन टू मी' लागतं.

म्हणून मी सांगतो की वर्ब एकटं पाठ करूच नका. वहीत 'वेट म्हणजे वाट बघणे' असं लिहिलं तर ते अर्धंच लिहिलं. 'वेट फॉर हिम' असं लिहा, 'हिम' सकट. प्रोनाउन सोबत असला की दोन गोष्टी एकदम बसतात, कुठलं प्रपोझिशन लागतं ते, आणि त्याच्या पुढे 'ही' चं 'हिम' होतं ते. शिकलेली माणसंपण 'बिटवीन यू अँड आय' म्हणून जातात, प्रपोझिशननंतर 'आय' नको, इंग्रजीतला 'मी' (me) च पायजे, 'बिटवीन यू अँड मी'.

दुसरी अडचण सगळ्यात भारी आहे, इथे जरा थांबा. 'टर्न ऑफ द फॅन' बरोबर, 'टर्न द फॅन ऑफ' पण बरोबर. फॅनच्या जागी 'इट' घातला की मात्र एकच चालतं, 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चुकलं. आणि आता 'लुक आफ्टर द बेबी' घ्या, इथे प्रोनाउन घातला तर 'लुक आफ्टर हर', 'लुक हर आफ्टर' कधीच नाय. पोरं इथे वैतागतात की नियम तरी काय. नियम असा की 'टर्न ऑफ' मधला 'ऑफ' हा अ‍ॅडव्हर्बचं काम करतोय, तो वर्बचा जोडीदार आहे, आणि प्रोनाउन दोघांच्या मधे जाऊन बसतो. 'लुक आफ्टर' मधला 'आफ्टर' प्रपोझिशन आहे, त्याला त्याचं नाव नायतर प्रोनाउन लगेच पुढेच लागतं.

ओळखायचं कसं? एकच शब्द दोन्हीकडे घेऊन बघा. 'ही रॅन अप द हिल', तो टेकडी चढून पळाला. 'ही रॅन अप अ बिल', त्याने बिल चढवून ठेवलं. दिसायला सारखीच वाक्यं. पण टेकडीचं होतं 'ही रॅन अप इट' आणि बिलाचं होतं 'ही रॅन इट अप'. बोलताना कानालाही कळतं, 'टर्न इट ऑफ' म्हणताना 'ऑफ' वर जोर पडतो, 'लुक अ‍ॅट इट' म्हणताना जोर 'लुक' वर असतो आणि 'अ‍ॅट' पटकन गिळला जातो. मला हा जोराचा फरक व्याख्येपेक्षा जास्त कामाचा वाटतो, वाक्यं मोठ्याने म्हणा, अभ्यासिकेत शक्य नसेल तर गच्चीवर जाऊन म्हणा.

कारणही समजून घ्या म्हणजे पाठांतर कमी होईल. इंग्रजीत आधी माहीत असलेली, हलकी गोष्ट वर्बच्या जवळ लवकर उरकतात आणि नवी, जड गोष्ट शेवटाला ढकलतात. 'इट', 'देम' म्हणजे आधीच बोलून झालेली गोष्ट, म्हणून ती मधे जाते. 'सेंड देम आउट' म्हणतात. पण 'काल पॅक केलेले सगळे सॅम्पल' एवढं लांब नाव असेल तर ते मधे कोंबत नाहीत, 'सेंड आउट ऑल द सॅम्पल्स वुई पॅक्ड येस्टरडे' असं शेवटी टाकतात.

आता चौघं एकत्र कसे येतात ते एका वाक्यात बघा, मेलमध्ये हे मी सारखं वापरतो: 'फिल इन द फॉर्म अँड सेंड इट बॅक टू मी.' वर्ब 'सेंड', मग हलका प्रोनाउन 'इट', मग अ‍ॅडव्हर्ब 'बॅक', मग प्रपोझिशन 'टू' आणि त्याचा प्रोनाउन 'मी'. ह्याच साच्यात 'गिव्ह इट बॅक टू हर', 'टेक देम अवे फ्रॉम हिम', 'ब्रिंग इट ओव्हर टू अस'. हा साचा घ्या आणि आपल्याच गोष्टी घालून वाक्यं करा, चादर दुकानदाराला परत द्यायचीय, शेंगा चटणीची पाकिटं काकांकडून घेऊन यायचीत, पुस्तक मैत्रिणीकडून परत मागायचंय. सुरवातीला नावं घालून करा आणि मग त्याच वाक्यात 'इट', 'देम', 'हर' घालून परत करा. लई फरक पडतो.

बाकीच्या अ‍ॅडव्हर्बचं थोडक्यात. 'ऑलवेज', 'ऑफन', 'नेव्हर' हे मेन वर्बच्या आधी पण 'अ‍ॅम, इज, आर' च्या नंतर, 'आय ऑलवेज गो' पण 'आय अ‍ॅम ऑलवेज लेट'. वर्ब आणि त्याचं ऑब्जेक्ट (कर्म) ह्यांच्या मधे अ‍ॅडव्हर्ब घुसवू नका, 'आय लाइक व्हेरी मच टी' नाय, 'आय लाइक टी व्हेरी मच'. प्रपोझिशन असेल तर मात्र मधे चालतं, 'शी लुक्ड केअरफुली अ‍ॅट इट'. आणि 'होम', 'हिअर', 'देअर' हे जाण्यायेण्याच्या वाक्यात स्वतःच अ‍ॅडव्हर्ब आहेत म्हणून 'गो होम', 'कम हिअर', त्यांच्या आधी 'टू' नको.

डिक्शनरी घेताना शिकणाऱ्यांसाठीची लर्नर्स डिक्शनरी बघा. त्यात 'टर्न ऑफ', 'लुक आफ्टर' असल्या जोड्यांमधे 'समथिंग' नायतर 'समबडी' चं छोटं रूप छापलेलं असतं, ते मधे छापलं असेल तर तुमचा 'इट' मधे, शेवटी छापलं असेल तर शेवटी. काहींत दोन टोकांचा बाण असतो, त्याचा अर्थ नाव दोन्हीकडे चालेल. बाण दिसला तरी प्रोनाउन मधेच ठेवायचा.

तीन शब्दांच्या जोड्या राहिल्या. 'पुट अप विथ हिम', 'लुक फॉरवर्ड टू इट', ह्यांत शेवटचा शब्द प्रपोझिशन आहे म्हणून प्रोनाउन शेवटी. आणि 'टू' इथे प्रपोझिशन असल्यामुळेच अर्जाच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' लिहायचं, 'टू हिअर' नाय. शंका आली तर 'टू' च्या पुढे 'इट' घालून बघा, बसला की पुढच्या वर्बला 'आयएनजी' लावा.