समुद्राकाठच्या घराला पत्रा घेताना

मार्वे रोडवरच्या आमच्या दुकानात मढ, भाटी, एरंगळची गिऱ्हाईकं येतात तीच मुळी "ताई, जाडीतला पत्रा दाखवा" म्हणत. मी आधी विचारते, घरापासून समुद्र किती लांब? कारण खारा वारा नुसत्या जाडीला दाद देत नाही. पत्रा टिकतो तो त्याच्यावरच्या लेपामुळे, आणि सडायला लागतो तो लेप जिथे आपण स्वतःच फोडतो तिथून.

साधा जीआय पत्रा म्हणजे पोलादावर जस्ताचा मुलामा. आयएस 277 मध्ये त्याचे 120, 180, 275 असे ग्रेड आहेत. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून तेवढे ग्रॅम जस्त. स्वस्तातला माल बहुतेक 120 चा असतो. तो बोरिवली पूर्वेला घाला, मढला नको.

किनाऱ्यापासून जरा आत असाल तर गॅल्व्हल्यूम घ्या, म्हणजे अॅल्युमिनियम-जस्ताच्या मिश्र लेपाचा पोलादी पत्रा. एझेड 150 ग्रेडचा (चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 150 ग्रॅम लेप), वर रंग दिलेला. त्याच्या लेपात 55 टक्के अॅल्युमिनियम, 43 टक्क्यांच्या आसपास जस्त आणि थोडं सिलिकॉन असतं. अॅल्युमिनियम गंज अडवतं, जस्त कापलेली कड सांभाळतं. रंगात साध्या पॉलिस्टरपेक्षा पीव्हीडीएफ हा महागातला रंग उन्हाला जास्त टिकतो. पण पत्रा उलटा करून मागची बाजू बघा. तिथे बहुतेक वेळा पातळ हात मारून भागवलेलं असतं, आणि समुद्राकाठी खरी मारामारी त्याच बाजूला आहे.

जूनपासून चार महिने पाऊस छपराची वरची बाजू फुकटात धुऊन देतो. वळचणीखाली मात्र पाऊस पोचत नाही. तिथे मीठ साचतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि रात्रभर पत्रा दमट राहतो. दिवाळीनंतर शिडी लावून वळचणीच्या आतून बोट फिरवा, चिकट पांढुरका थर हाताला लागेल. खालच्या कडेला आणि दोन पत्रे एकमेकांवर चढतात त्या जोडात गंज आधी दिसतो तो यामुळे. ऑक्टोबर ते मे, महिन्यातून एकदा तेवढा पट्टा गोड्या पाण्याने धुवा. पाण्याची ओरड असेल तरी दोन बादल्या आणि मऊ झाडू पुरतो.

लाटांचे तुषार थेट घरावर येत असतील तर माझं मत सरळ आहे: अॅल्युमिनियम. महाग पडतं, पायाखाली चेपतं, पण त्याला लाल गंज नाही, आणि शेवटी भंगारवालाही बरे पैसे देतो. मात्र तापल्यावर ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. सहा मीटरचा पत्रा 30 अंशांच्या फरकाने 4 मिलिमीटर वाढतो, म्हणून स्क्रूची भोकं थोडी सैल ठेवायला सांगा. लोखंडी अँगलवर थेट टेकवू नका, मध्ये रबराची पट्टी हवी. ओलं सिमेंट आणि एसीच्या तांब्याच्या नळीवरून गळणारं पाणी, दोन्ही त्याला खातात. गॅल्व्हल्यूमलाही हेच पथ्य.

स्क्रूत काटकसर करणाऱ्यांशी मी भांडते. अॅल्युमिनियमला 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, ईपीडीएम रबराच्या वॉशरसकट. गॅल्व्हल्यूमला मात्र स्टेनलेस लावू नका, खाऱ्या ओलीत ते शेजारचा लेप खातं. त्याला जाड लेपाचे, क्लास 4 चे (गंजाला जास्त टिकणाऱ्या वर्गाचे) स्क्रू मागा. कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्यापाशी वारा पत्रा जास्त उचलतो, तिथे स्क्रू जवळ जवळ मारायचे. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे समजवावं लागत नाही.

काम चालू असताना स्वतः उभे राहा. फॅब्रिकेटरला ग्राइंडरचं फार प्रेम. त्याच्या ठिणग्यांनी कडेचा लेप जळतो आणि उडालेले कण रंगात रुतून थोड्याच दिवसांत लाल ठिपके पडतात. कात्री नाहीतर निबलर (ठिणग्या न उडवता पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) आणायला लावा. ड्रिलचा कीस रोज संध्याकाळी झाडून घ्या. खुणा मार्करने करा, शिसपेन्सिलीने नाही; तिच्यातल्या ग्राफाइटनेही लेप खराब होतो. आणि पत्र्यांची थप्पी पावसात ठेवलीत तर बसवायच्या आधीच आत पांढरा गंज धरतो.

जाडी विचारलीत की दुकानदार 0.50 मिलिमीटर सांगेल. लेप आणि रंग सोडून नुसतं पोलाद किती, ते विचारा. वॉरंटीच्या कागदावर समुद्रापासूनच्या अंतराची अट बारीक अक्षरात असते, ती दुकानात उभं राहूनच वाचा, बाजूला कोण घाई करतंय त्याकडे बघू नका. बिलावर लेपाचा ग्रेड लिहून घ्या, टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स मागा. नुसतं "कलर पत्रा" लिहिलेलं बिल असेल तर, माझ्या दुकानातलं असलं तरी, परत करा.