जुन्या गाडीच्या होज पाइपची गळती : क्लिप आवळण्याआधी काय पाहावे

सोलापुरात आजही ज्यांनी प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर चालती ठेवली आहे, त्यांच्या तक्रारींत होज पाइपमधून, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांना जोडणाऱ्या वरच्या व खालच्या रबरी पाइपमधून, पाणी गळण्याची तक्रार हमखास असते, आणि तिच्यावर बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो, तो म्हणजे पाइपभोवतीची पट्टी, क्लिप, आणखी आवळणे. गळती काही दिवस थांबते आणि पुन्हा सुरू होते, कारण तिचे मूळ क्लिपच्या सैलपणात क्वचितच असते. पाइप धातूच्या ज्या आखूड नळीवर, तोटीवर, बसतो तिचा पृष्ठभाग खराब झालेला असतो, रबर आतून संपलेले असते किंवा पाइपवर कुठून तरी ताण येत असतो. यांपैकी नेमके काय झाले आहे हे ठरवल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये.

शोध नेहमी थंड इंजिनावर सुरू करावा. गरम रेडिएटरचे झाकण उघडले की दाब एकदम सुटतो आणि आतले पाणी उकळून अंगावर उडते, म्हणून वरचा पाइप हाताला पूर्ण गार लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये. दोन्ही टोकांची धूळ कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी आणि टॉर्चच्या उजेडात वाळलेल्या पाण्याचे डाग पाहावेत. पांढरट क्षार, हिरवट किंवा तांबूस ओघळ जिथे सर्वांत वर सुरू होतो, तिथेच गळतीचे मूळ असते. थेंब जिथून पडतो ती जागा अनेकदा फसवी असते. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूस एक बारीक छिद्र असते. पंपाचे सील गेले की तिथून झिरपणारे पाणी खालच्या होज पाइपवरून ओघळते आणि दोष बिचाऱ्या पाइपवर येतो. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणाऱ्या झडपेच्या, झाकणाखालील गॅस्केटचेही (सांध्यातल्या पातळ पत्र्याचेही) तसेच आहे.

काही गाड्या फक्त थंड असताना गळतात. उन्हाळ्यात ठीक असलेली गाडी गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या सुमारास, पहाटेच्या गारव्यात, खाली ओला डाग सोडते. रबर आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात आणि खराब बैठकीवर तेवढी फट पाण्याला पुरते. असा दोष शोधण्यासाठी झाकणाच्या जागी बसणारा हातपंप, म्हणजे प्रेशर टेस्टर, फार उपयोगी पडतो. झाकणावर जितका दाब लिहिलेला असेल तितकाच द्यावा, अधिक नाही, आणि पंधरा-वीस मिनिटे काटा खाली येतो का ते पाहावे.

रबराची परीक्षा बोटांनी होते. पाइप मध्यभागी दाबावा, मग टोकाजवळ, क्लिपपासून दोन-तीन बोटे अंतरावर दाबावा. टोकाचा भाग मधल्या भागापेक्षा मऊ, पोकळ किंवा चरचरणारा लागला, तर आतून उभ्या भेगा पडलेल्या आहेत, मग बाहेरून पाइप कितीही काळाभोर आणि गुळगुळीत दिसो. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, चालणाऱ्या सूक्ष्म विद्युत्-रासायनिक क्रियेमुळे रबर टोकांपाशी आतून कुरतडले जाते. तेल लागलेला पाइप फुगतो आणि लिबलिबीत होतो. असा पाइप बदलण्यापूर्वी तेलाची गळती थांबवावी, नाही तर नवा पाइपही त्याच वाटेने जाईल.

काढताना घाई नको. रेडिएटरच्या तळाचा ड्रेन कॉक (पाणी काढण्याची चावी) उघडून कूलंट स्वच्छ भांड्यात धरावे. कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असते, म्हणून ते मुलांच्या किंवा कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागेल असे ठेवू नये आणि गटारात ओतू नये. पाइप चिकटला असेल तर पक्कडीने पिळू नये. जुन्या रेडिएटरची पितळी तोटी केवळ डाखाने जोडलेली असते आणि पिळल्यावर ती डाखापासून सुटते. पाइप तसाही बदलायचाच असतो, तर त्याच्या टोकाला धारदार पात्याने, तोटीच्या धातूवर ओरखडा न पाडता, लांबीच्या दिशेने चीर द्यावी आणि तो सालीसारखा सोलून काढावा.

आता खरे काम सुरू होते. माझ्या मते गळती थांबवण्याचे तीन चतुर्थांश श्रम तोटीवर खर्च झाले पाहिजेत, पण आपल्याकडे नेमके तेच टाळले जाते. तोटीवर जुन्या रबराचे थर, गंज आणि क्षार बसलेले असतात. सोलापुरात बरीच वर्षे बोअरचे जड पाणी ओतलेल्या गाडीत ही खपली विशेष जाड असते. ती आधी बोथट पात्याने काढावी, नंतर बारीक पॉलिश पेपर तोटीभोवती गुंडाळून गोलाकार फिरवावा. लांबीच्या दिशेने घासू नये, कारण त्या दिशेचा प्रत्येक ओरखडा पाण्याला बाहेर जाण्याची वाट करून देतो. घासताना तोटीच्या तोंडात फडक्याचा बोळा घालावा आणि शेवटी तो आठवणीने काढावा. थर्मोस्टॅटच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर खड्डे पडलेले असतील, तर उष्णता सहन करणारे धातूचे इपॉक्सी भरून, वाळल्यावर कानशीने आणि पॉलिश पेपरने गोलाई जुळवता येते. खड्डे खोल असतील किंवा तोटीची कडाच झिजून गेली असेल, तर झाकण बदलावे. बैठक चांगली असेल तर सांधा बुजवणारे सिलिकॉन मुळीच लागत नाही. किंचित खडबडीत तोटीवर त्याचा पातळ थर चालतो, पण जाड लावलेले सिलिकॉन आत सुटते आणि रेडिएटरच्या नळ्यांत अडकते.

नवा पाइप ओढून-ताणून बसवू नये आणि वाकवून कमान मोडू नये. मूळ आकाराचाच पाइप घ्यावा. बसवताना ग्रीस किंवा तेल लावू नये, साबणाचे पाणी किंवा थोडे कूलंट पुरते. जुन्या पाइपमध्ये आत स्प्रिंग असेल, आणि ती बहुधा खालच्या पाइपमध्ये असते, तर ती गंजलेली नाही हे पाहून नव्यात घालावी. खालच्या पाइपवर पंपाची ओढ असते आणि स्प्रिंगशिवाय तो वेगात चपटा होऊन पाणी अडवतो.

क्लिप पाइप चढवण्याआधीच त्यावर ओवून घ्यावी आणि ती तोटीच्या टोकाच्या उंच कडेच्या मागे, पाइपच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर आत बसवावी. कडेवरच बसवलेली क्लिप घसरते. ज्या क्लिपच्या पट्टीला आरपार खाचा असतात, त्यांतून रबर बाहेर येऊन कापले जाते, म्हणून आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप दोन पैसे जास्त देऊनही घ्यावी. रबर पट्टीच्या दोन्ही बाजूंना किंचित फुगले की थांबावे. पितळी तोटी मऊ असते आणि जोराने आवळल्यास आत दबते. एकदा दबलेल्या तोटीवर कोणतीही क्लिप नीट बसत नाही.

इतके करूनही त्याच टोकाला पुन्हा पाणी दिसले तर इंजिनाचे माउंटिंग, म्हणजे ज्या रबरी आधारांवर इंजिन टेकलेले असते ते, पाहावे. रबर दबून गेलेले माउंटिंग इंजिनाला रेस देताना हलू देते, रेडिएटर मात्र बॉडीला पक्का असतो, आणि तो सगळा हिसका बिचाऱ्या पाइपला सोसावा लागतो. हे कारण फार कमी लोक तपासतात.

रेडिएटरचे झाकण त्याच गाडीच्या मापाचे असावे. जुन्या गाड्यांना अनेकदा ७ पौंडांचे, म्हणजे दर चौरस इंचाला ७ पौंड दाब धरणारे, झाकण असते. दुकानात सहज मिळणारे १३ पौंडांचे झाकण लावले की जुने डाख आणि पाइप फुटू लागतात. दाब वाढला की पाणी उशिरा उकळते हे खरे, दर पौंडाला साधारण दीड अंश सेल्सिअसने, पण ती सोय जुन्या रेडिएटरच्या ताकदीबाहेरची आहे. भरण्यासाठी एक तृतीयांश ते निम्मे कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड वॉटर घ्यावे, आणि ते दर दोन वर्षांनी बदलावे. पितळ आणि डाख असलेल्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचे हिरवे कूलंट योग्य असते. ज्या गाडीला वेगळी ओव्हरफ्लो बाटली नाही, तिच्यात तोंडाखाली दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी, नाही तर गरम झाल्यावर बाहेर टाकलेले पाणी पुन्हा गळतीच वाटते.

पहिली चाचणी गावातच घ्यावी. तुळजापूरचा घाट मे महिन्याच्या दुपारी, पारा ४० अंशांच्या वर असताना, हे त्यानंतरचे काम आहे. गाडी गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, क्लिप तपासावी, कारण नवे रबर पहिल्या काही फेऱ्यांत दबून बसते आणि स्क्रू पाव फेरा आवळावा लागतो. त्यानंतर आठवड्याने पुन्हा एकदा पाहावे.